सामाईक नाव

माणिकराव आणि व्यंकटराव हे चुलतभाऊ, आणि दोघांत विस्तव जात नव्हता. भांडण बांधावरच्या एका बाभळीवरून सुरू झालं होतं. बाभूळ तोडून कधीच चुलीत गेली, भांडण मात्र वाढत वाढत गोदा-पूर्णा बियाणे संघापर्यंत येऊन पोचलं. संघाचे चेअरमन माणिकराव, त्यांची कचेरी परभणीत. व्यंकटराव व्हाइस चेअरमन. पण बियाणं जिथं निवडतात, तपासतात आणि पोत्यांत भरतात तो पूर्णा गावचा कारखाना त्यांच्या ताब्यात, म्हणून ते स्वतःला चेअरमनच्या चार बोटं वरच समजत. माणिकरावांनी कचेरीत कॉम्प्युटर आणला, तर महिन्याच्या आत व्यंकटरावांनी पूर्णेत आणला, दुसऱ्या कंपनीचा आणि मोठ्या पडद्याचा. पैसा सभासदांचा, हौस भावकीची. दोन्ही यंत्रं आपापल्या गार खोलीत बसून होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती.

परभणीच्या खोलीत नर्मदाबाई काम करायची. पालमजवळच्या खेड्यातल्या सिताराम खटिंगांची ही मुलगी. गावाची बोलणी खाऊन बापानं तिला परभणीला शिकायला ठेवलं, कॉम्प्युटरचा कोर्स करू दिला, आणि ती नोकरीला लागली त्याच साली तो वारला. पुढं थोरला भाऊ लिंबाजी यानं तिचं लग्न लावलं. तहसिलातले कारकून वैजीनाथ हे तिचे यजमान. लग्नात त्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवीन नाव लिहिलं, पार्वती. तेव्हापासून सासरी ती पार्वती. कचेरीत मात्र तिनं सर्टिफिकेटावरचं नाव सोडलं नाही. "नांदायला आमच्यात आन् नाव बापाचं," असं सासू येता-जाता ऐकवायची. नर्मदाबाई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी हजेरीवर पुन्हा बापाच्या नावासकट सही करायची. बापानं जे दिलं त्यातलं एवढंच तिच्यापाशी उरलं होतं, आणि ते ती कुणाला देणार नव्हती.

बियाण्याची उगवण पूर्णेत तपासली जायची, पण तो निकाल परभणीच्या यंत्रात चढल्याशिवाय पोत्याला लावायचं लेबल छापून निघत नसे. त्यासाठी रोज एक शिपाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घालून एसटीनं यायचा. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूचा आणि विरोधातला, दोन्हीकडचा बंद वरचेवर असायचा. एसटी थांबली की शिपाई थांबला, शिपाई थांबला की ट्रका थांबल्या. शेवटी सभासदांनी बैठकीत आरडाओरडा केला, तेव्हा दोन्ही यंत्रं टेलिफोनच्या तारेनं जोडायची असं ठरलं आणि पुण्याहून एक इंजिनिअर आला.

इंजिनिअर सज्जन होता. त्यानं तार जोडली, शिट्टी मारणारी एक पेटी दोन्हीकडं बसवली, आणि मग डोक्याला हात लावला. माणिकरावांसमोर बसून तो म्हणाला, "तार ठीक आहे. अडचण वेगळीच आहे. तुमचं यंत्र फक्त परभणीत नोंदलेल्या माणसाला आत घेतं. पूर्णेचा माणूस दारात आला की विचारतं, तू कोण? आणि हाकलून देतं."

"मग बरोबरच हाय की त्येचं," माणिकराव म्हणाले.

"खरा उपाय असा, की दोन्ही यंत्रांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा. तिकडं ज्याची ओळख पटली, त्याला इकडं पुन्हा अडवायचं नाही. त्यासाठी तुम्हा दोघांचीही लेखी संमती लागेल."

माणिकराव हसले. "व्यंकटवर इश्वास? साहेब, त्येनं दिलेलं पाणी आमी आधी मांजराला पाजतो, मग पितो."

पूर्णेहून फोनवर आलेलं उत्तर याहून वाईट होतं. इंजिनिअरनं मग दुसरी तोड काढली. एकच नाव दोन्ही यंत्रांत नोंदवायचं आणि दोन्हीकडं त्याचा खुणेचा शब्दही एकच ठेवायचा. म्हणजे पूर्णेत त्या नावानं बसलेला माणूस परभणीच्या दारात आला, की परभणीला वाटेल हा आपलाच. कुणी कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही.

आता नाव कुणाचं? माणिकराव म्हणाले, माझं. व्यंकटरावांनी निरोप दिला, त्येचं नाव माझ्या मशिनीत घातलं तर मशीन उचलून पूर्णेच्या डोहात टाकीन. विद्यापीठाच्या एका नावापायी माणसांची घरं जळालेली ज्या मुलखानं पाहिली, तिथं यंत्रात घालायच्या एका नावावरून दोन दिवस असे फोन व्हावेत यात नवल काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी माणिकरावांची नजर कोपऱ्यात बसलेल्या नर्मदाबाईवर गेली.

"ह्या बाईंचं टाका," ते म्हणाले. "बाई कुणाच्याच पार्टीच्या न्हाईत."

व्यंकटरावांनीही हरकत घेतली नाही. बाईमाणूस काय पॅनल उभं करणार आहे?

इंजिनिअर नर्मदाबाईला म्हणाला, "बाई, खरं नाव द्यायलाच हवं असं नाही. अ-ब-क टाकलं तरी यंत्राला चालतं. मी तर तेच सुचवीन."

इथं बाई चुकली. अ-ब-क म्हणाली असती तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण ज्या दोन दारांत दोन पुढाऱ्यांची नावं शिरू शकली नाहीत तिथं आपल्या बापाचं नाव शिरतंय, हे तिला दिसलं आणि तिची छाती भरून आली. पदर सारखा करून तिनं पूर्ण नाव सांगितलं, "नर्मदा सिताराम खटिंग." जरा लांब होतंय, बापाचं नाव गाळू का, असं इंजिनिअरनं विचारलं. ती म्हणाली, "नको. तेच पाहिजे."

खुणेचा शब्द तिनं मनाशी ठरवला आणि इंजिनिअरनं सांगितल्याप्रमाणे कुणाला सांगितला नाही. इंजिनिअर पुण्याला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पूर्णेहून फोन आला, आम्हाला आत जाता येईना. माणिकराव तिच्यावर खेकसले. "सांगा की त्यांना शब्द."

"साहेब, तो कुणाला सांगायचा नसतो म्हणाले होते."

"मग तार काय पुजायला टाकली का? सामाईक हिरीचा दोर सगळ्यांच्या हाती पायजे, बाई."

तिनं फोनवर शब्द सांगितला. पलीकडं कोण होतं, हेही तिला नीट कळलं नाही.

पहिला हंगाम झकास गेला. पूर्णेत निकाल चढवला की परभणीत खटाखटा लेबलं छापून निघत, आणि प्रत्येक लेबलाच्या तळाशी, ज्याच्या नावानं माल पास झाला त्याचं नाव येई. तपासणार, नर्मदा सिताराम खटिंग. ती लेबलं पोत्यांवर बसून साऱ्या जिल्ह्यात गेली. पालमच्या दुकानात लिंबाजी पोती उलटून गावातल्या लोकांना दाखवायचा, "वाचा, वाचा. आमच्या बापाचं नाव हाय. आमच्या नर्मदेनं तपासलंय." लिंबाजी गावात वजन असलेला माणूस. त्याच्या शब्दावर अख्खं गाव संघाचीच ज्वारी पेरायला लागलं. नर्मदाबाई माहेरी गेली की बाया मुद्दाम बघायला येत. सासूचं तोंडही त्या साली जरा बंद होतं.

ब्याण्णवच्या मृगात त्या गावानं ज्वारी पेरली आणि ती उगवलीच नाही. पाऊस चांगला झाला होता, वापसा चांगला होता, पण रानंच्या रानं उघडी राहिली. एखादा कोंब इकडं, एखादा तिकडं. उकरून पाहिलं तर दाणा सडलेला. गोदामात भिजलेला माल पूर्णेत कुणीतरी पास करून बाहेर काढला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुकानापुढं लोक जमले, लेबलं काढून काढून वाचली गेली, आणि सगळ्यांवर एकच नाव निघालं.

लिंबाजीचंही सगळं रान गेलं होतं. पण त्याचं तो बोलूही शकत नव्हता, कारण पारावर लोक त्यालाच विचारत होते, "बहिणीनं पास करायचं आन् भावानं खपवायचं, असं ठरलं होतं का तुमचं?" ज्यानं उभ्या जन्मात कुणाचा भुस्साही फुकट घेतला नाही, त्याला हे ऐकावं लागलं.

नर्मदाबाईनं माल पास झाल्याचा दिवस यंत्रात पाहिला. त्या दिवशी ती रजेवर होती. लिंबाजीच्याच अंगणात, भावजय धुरपताबाईच्या शेजारी बसून शेवया करत होती.

चौकशीला संघाची समिती बसली. नर्मदाबाई आत गेली तर एकाच सोफ्यावर माणिकराव आणि व्यंकटराव शेजारी शेजारी बसलेले, आणि एकाच बशीतला चिवडा खात होते. बाभळीनंतर असं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहताच आपलं काय होणार ते तिला कळून चुकलं.

"मी त्या दिवशी माहेरी होते," ती म्हणाली. "रजेचा अर्ज आहे. पूर्णेतून कुणीतरी माझ्या नावानं माल चढवलाय."

"मशीन खोटं बोलत न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

"पूर्णेला शब्द कुणी दिला?" माणिकरावांनी विचारलं.

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतं. तुमच्यासमोर फोन केला मी."

माणिकराव चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तसं माज्या ध्यानात न्हाई."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पूर्णेवर बोट दाखवलं असतं तर व्यंकटरावांनी परभणीची दहा लफडी बाहेर काढली असती, आणि दोघांचीही खुर्ची गेली असती. एक गळा दोघांना सोयीचा होता. संध्याकाळच्या आत नर्मदाबाईच्या हातात कमी केल्याचा हुकूम पडला. गेटाबाहेर ती बराच वेळ उभी राहिली, मग रिक्षा न करता चालत घरी गेली. वैजीनाथ काही वाईट बोलले नाहीत. सासू मात्र म्हणाली, "बरं झालं. आता तरी पार्वती म्हणून राहशील."

त्या पंचमीला लिंबाजी तिला न्यायला आला नाही. ती आपली आपणच गेली. लिंबाजी ओसरीवर बसला होता. तिनं सगळं सांगितलं, आणि तो ऐकत असताना शेवयांचा दिवस त्याला आठवला.

"तू तर हितं व्हतीस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले. "मला ठावं हाय, तू असं करणार न्हाईस. पर लोकायला काय दाखवू?"

"त्यांनी मला काढलं, दादा. आता माझं नाव तिथं नाही. एवढं तरी सांगा."

लिंबाजीनं ते सांगितलं. पारावर सांगितलं, देवळात सांगितलं, घरोघर जाऊन सांगितलं. आमच्या बहिणीला फसवलं, ती तिथून निघाली, तिचं नाव आता संघात नाही. माणसं हळूहळू नरमली. दुबार पेरणी मुगाची झाली, ती बरी आली, आणि राग जरा विझत चालला. लिंबाजीच्या मुलीसाठी शेजारच्या गावच्या बन्सीधरच्या घरी बोलणी चालू होती, ती पेरणी बुडाल्यामुळं मध्यंतरी थांबली होती, तीही पुन्हा सुरू झाली.

दिवाळीच्या आधी संघाचं हरभऱ्याचं बियाणं दुकानात आलं. आठवड्याभरानं लिंबाजी परभणीला तिच्या दारात उभा राहिला. चहाही न घेता त्यानं खिशातून एक लेबल काढून तिच्यापुढं ठेवलं. कोरं करकरीत लेबल होतं. तपासणार, नर्मदा सिताराम खटिंग.

"गाव म्हणायलंय, हिला काढलं म्हून सांगतोस आन् ही तर तितंच बसलीय," तो म्हणाला. "मला लबाड म्हणायलेत, नर्मदा."

तिनं चपला घातल्या आणि त्याला घेऊन तडक संघाची कचेरी गाठली.

माणिकरावांनी दोघांना बसवलं, चहा मागवला. लेबल पाहून त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. "नाव काढता येत न्हाई, बाई. काढलं की तार बंद. इंजिनिअर म्हणतो, दुसरं नाव घालायचं तर दोन्हीकडं येकदम घालावं लागतं, दोघांच्या सह्या लागत्यात. आता व्यंकट माज्या माणसाच्या नावाला सही करतो का? मी त्येच्या करीन का? तुमच्या नावाला तेवढी कुणाची तकरार न्हाई. इकडं न्हाई, तिकडं न्हाई. चालू द्या."

लिंबाजी आतापर्यंत टोपी हातात धरून बसला होता. तो म्हणाला, "साहेब, नोकरीवरून काढलं, मग नाव कामून ठेवलं?"

"पाव्हणं, नोकरी येगळी, नाव येगळं."

"मग येवढं कागदावर लिवून द्या की माल तपासणारी आमची बहीण न्हाई."

माणिकरावांनी त्याच्याकडं खरोखरच कौतुकानं पाहिलं. "तसं लिवून दिलं तर पोतं कोन घील?"

नर्मदाबाई उठली आणि आपल्या जुन्या खोलीच्या दाराशी गेली. तिच्या खुर्चीवर कुणी नवीन माणूस होता. तो मान खाली घालून एका बोटानं अक्षरं शोधत होता, आणि पडद्यावर तिच्या बापाचं नाव एकेक अक्षर करून उमटत होतं. तिनं सांगितलेला शब्दही कुणी बदलला नव्हता, भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दादा, तुम्ही कानानं ऐकलंत. आता तरी पटलं ना?"

"मला पटून काय करू? मला तवाच पटलं व्हतं. पटायला पायजे गावाला. गाव उचलून माणिकरावापुढं आणू का मी?" तो पुढं चालायला लागला. थोडं गेल्यावर मागं न बघता म्हणाला, "भाऊबीजेला ये. येऊ नगं म्हणत न्हाई मी."

भाऊबीजेला ती गेली. धुरपताबाईनं पुरण केलं होतं, आणि लेबल लावलेलं हरभऱ्याचं पोतं शेजारणींच्या नजरेस पडू नये म्हणून घोंगडीखाली झाकून ठेवलं होतं. लिंबाजी पाटावर बसला, तिनं ओवाळलं, त्यानं ताटात लुगडं ठेवलं. दरवर्षी तो म्हणायचा, मागच्यापेक्षा जाडी झालीस. या वर्षी त्यानं टोपी सारखी केली आणि पाटावरून उठला. बाया बघायला आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी तिला पालमच्या स्टँडवर सोडायला आला. एसटीला उशीर होता. दोघं बाकावर बसलेले असताना समोरून बन्सीधर आला, ज्याच्या मुलाशी लिंबाजीच्या मुलीची बोलणी चालू होती तोच. वजनदार माणूस. त्याचीही खरिपाची ज्वारी वाया गेली होती. राम राम झाला, पानसुपारी झाली. मग बन्सीधर म्हणाला, "लिंबाजीराव, येक इचारायचं व्हतं. सोयरीक म्हणल्यावर मोकळं इचारलेलं बरं. ती बियाण्याच्या लेबलावरची बाई खटिंगच हाय म्हणतेत. तुमच्यातली हाय का?"

लिंबाजीनं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "खटिंग काय येकच घर हाय का? लय हायेत."

"आन् ह्या कोन?"

"ही माजी बहीण. परभणीला दिली. पार्वती."

लग्नानंतरच्या चार वर्षांत लिंबाजीच्या तोंडून तिनं ते नाव ऐकलं नव्हतं. सासरच्या एका लग्नाच्या पत्रिकेतही त्यानं ते खोडून नर्मदा लिहायला लावलं होतं, म्हणून केवढं वाजलं होतं. नर्मदाबाई भावाकडं बघत राहिली. तो समोरच्या रसवंतीच्या पाटीकडं बघत होता.

बन्सीधर तिच्याकडं वळला. "ताई, तुमी परभणीलाच ऱ्हाता. तुमच्या वळखीची हाय का हो ती बाई?"

भाचीचं लग्न तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. हो म्हटलं तर भाऊ लबाड ठरतो, सोयरीक मोडते, आणि पोर घरात बसते. ती म्हणाली, "न्हाई. मी तिला ओळखत न्हाई."

"आसंल कुणी तरी बेइमान," बन्सीधर म्हणाला. "बापाचं नाव लावती वर तोंड करून." त्याचं समाधान झालं होतं. त्यानं लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला, तुळशीचं लग्न झालं की बैठक घेऊ म्हणाला आणि बाजाराकडं निघून गेला.

एसटी आली. लिंबाजीनं पिशवी चढवून दिली, तिला खिडकीशी जागा धरून दिली, आणि खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. बन्सीधर केव्हाच दिसेनासा झाला होता. ड्रायव्हर चहाला गेलेला, गाडीत पुढं दोन म्हाताऱ्या झोपलेल्या. आसपास ऐकणारं कुणीच नव्हतं. ती वाट बघत होती, की आता तरी तो काही म्हणेल.

लिंबाजीनं खिडकीच्या गजाला हात लावला.

"पोचल्यावर कुणाच्या हाती निरोप धाड," तो म्हणाला, "पार्वती."